सॉलोमन लिंडा : गाण्याचा खरा धनी

काही गाण्यांच्या वाट्याला अशी कीर्ती येते की, तिच्या झोतात ते गाणे ज्याच्या कंठातून प्रथम उमटले तो माणूसच दिसेनासा होतो. ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या नावाने जगभर पोचलेले गाणे अशांपैकीच एक आहे. १९६१ साली ते अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी गेले, १९८२ साली ब्रिटनमध्ये तोच मान त्याला मिळाला आणि १९९४ साली ‘द लायन किंग’ या चित्रपटाने ते मुलांच्या एका नव्या पिढीच्या ओठांवर नेऊन ठेवले. दीडशेच्या आसपास गायकांनी व गायकवृंदांनी ते आपापल्या परीने गायिले आहे. हे गाणे आफ्रिकेतले आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आफ्रिकेतील कोणाचे, असे विचारले तर मात्र उत्तर मिळत नाही. कारण त्या अफाट खंडाच्या नावाआड एखादा नावागावाचा माणूस उभा असेल, हे सहसा कोणाच्या मनातच येत नाही.

त्या माणसाचे नाव सॉलोमन लिंडा. झुलू समाजातील हा कामगार १९६२ साली मरण पावला, तेव्हा त्याच्या बँकखात्यात २५ डॉलरइतकीही शिल्लक नव्हती. त्याची कहाणी बहुधा लबाडीची कहाणी म्हणून सांगितली जाते. भाबडा आफ्रिकी गायक, धूर्त गोरे व्यापारी आणि लुटले गेलेले धन असा तिचा साचा ठरून गेला आहे. हा साचा खोटा आहे असे नाही. परंतु तो अपुरा आहे. लिंडाच्या बाबतीत जे घडले ते रात्रीच्या अंधारात घडलेले नाही. ते कागदपत्रांनिशी, सह्यांनिशी आणि काही वेळा तर सद्‌भावनेनेही घडले. म्हणूनच ते अधिक विचार करण्याजोगे आहे.

गुराखी मुलगा

नाताळ प्रांतातील म्सिंगा हा डोंगराळ आणि रुक्ष मुलूख. तेथे पोमरॉय या गावानजीक १९०९ साली लिंडाचा जन्म झाला. त्याच्या जन्माआधी तीनच वर्षे, १९०६ साली, नाताळमध्ये बंबाथा या झुलू सरदाराने माणशी एक पौंडाच्या डोईपट्टीविरुद्ध शस्त्र उचलले होते. ते बंड निर्दयपणे चिरडण्यात आले. मराठी वाचकांना हे बंड गांधीजींच्या आत्मकथेमुळे परिचित आहे. भारतीयांचे शुश्रूषापथक घेऊन गांधीजी गेले आणि फटक्यांनी सोललेल्या झुलूंच्या पाठींवर मलमपट्टी करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले, ते याच वेळी. पुढे १९१० साली दक्षिण आफ्रिकेचा संघ स्थापन झाला आणि १९१३ च्या जमीनविषयक कायद्याने देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी अवघी ७ टक्क्यांच्या आसपास जमीन राखून ठेवली. पट्टी रोख भरावयाची आणि कसावयास पुरेशी जमीन तर नाही. तेव्हा पुरुषांनी घरदार मागे ठेवून गोऱ्यांच्या खाणींत, कारखान्यांत आणि घरांत चाकरीसाठी जावे, असा हा चोख बंदोबस्त होता. लिंडाच्या गाण्याच्या जन्माशी या बंदोबस्ताचा जवळचा संबंध आहे.

झुलू समाजात गुरेढोरे ही नुसती मालमत्ता नसते. विवाहात वधूपक्षास गुरे द्यावयाची, घराण्याची प्रतिष्ठा गुरांवर मोजावयाची आणि पूर्वजांच्या पूजनातही त्यांना स्थान द्यावयाचे, अशी तेथील रीत. ही गुरे राखण्याचे काम मुलांकडे असे. लिंडा आणि त्याचे सोबती यांनी लहानपणी गुरांवर टपलेल्या सिंहांना हुसकावून लावले होते आणि त्याच आठवणीतून पुढे ते गाणे स्फुरले, असे सांगितले जाते. गाण्याचे शब्दही या आठवणीशी जुळतात. ‘म्बूबे’ म्हणजे सिंह. त्या मोजक्या शब्दांत सिंहाला सिंह म्हणून ललकारले आहे. अंगणात शेकोटीभोवती बसून सांगितलेल्या शौर्यकथेसारखे ते गाणे आहे. जागे राहणाऱ्यांचे, राखण करणाऱ्यांचे ते गाणे आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. कारण पुढे त्याचे नेमके उलटे झाले.

म्सिंगातील गॉर्डन मेमोरियल या मिशनच्या शाळेत लिंडा शिकला. लग्नसमारंभात गावयाची झुलू समूहगीते त्याच्या कानांवर होतीच. शाळेत ख्रिस्ती स्तोत्रांची आणि त्यांतील स्वरमेळाची ओळख झाली. याशिवाय आणखी एक प्रवाह त्या प्रदेशात आधीच येऊन पोचला होता. १८९० च्या दशकात ऑर्फियस मकॅडू या अमेरिकी निग्रो गायकाने आपला संच घेऊन दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला होता. गुलामगिरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या लोकांचे ते गाणे ऐकून तेथील शिक्षित कृष्णवर्णीय भारावून गेले आणि गावोगाव त्या धर्तीचे गायकवृंद उभे राहिले. म्हणजे लिंडाच्या गाण्याला पुढे अमेरिकेने आफ्रिकेचा आदिम हुंकार म्हणून डोक्यावर घेतले, तेव्हा त्या हुंकारात अमेरिकेचाही एक सूर अर्धशतकापूर्वीच मिसळलेला होता. कोणतीही कला निर्भेळ असत नाही. परंतु दुसऱ्याची कला निर्भेळ आणि अनादी आहे असे मानणे सोयीचे असते, कारण अनादी वस्तूला कर्ता शोधावा लागत नाही.

शहरातील सांजपाखरे

१९३१ साली लिंडा जोहान्सबर्गला आला. सोन्याच्या खाणींवर उभे राहिलेले हे शहर कृष्णवर्णीयांना मजूर म्हणून हवे होते. नागरिक म्हणून नको होते. खिशात परवाना बाळगल्यावाचून त्यांना रस्त्याने चालता येत नसे आणि कामाचा करार संपला की शहरातील वास्तव्यही संपे. लिंडाने प्रथम एका फर्निचरच्या दुकानात आणि नंतर एका मोठ्या हॉटेलात काम केले. त्याच्या मामा-काकांच्या नात्यातील मंडळी ‘इव्हनिंग बर्ड्‌स’, म्हणजे सांजपाखरे, या नावाचा गायकवृंद चालवीत. तो वृंद १९३३ साली मोडला, तेव्हा लिंडाने तेच नाव घेऊन आपल्या मुलखातील जोडीदारांचा नवा संच बांधला.

या संचाची आठवण पुढे ज्यांनी ज्यांनी सांगितली, त्यांनी त्याच्या थाटाचा उल्लेख केल्यावाचून सोडले नाही. बारीक रेघांचे सूट, डोक्यावर रुबाबदार टोप्या, पायांत चकचकीत बूट, आणि सर्वांचा पोशाख एकसारखा. दिवसभर दुसऱ्याची फरशी पुसणारे हे लोक शनिवारच्या रात्री सरदारासारखे रंगमंचावर येत. मजुरांच्या वसतिगृहांतून आणि सभागृहांतून अशा वृंदांच्या स्पर्धा रात्र-रात्र चालत. त्यांत मिळणारे बक्षीस कधी किरकोळ असे. परंतु तेथे मिळणारी मान्यता किरकोळ नसे. दिवसा ज्यांना वयाने प्रौढ असूनही पोऱ्या म्हणून हाक मारली जाई, त्यांना रात्री नाव होते आणि त्या नावाला टाळ्या होत्या.

लिंडाने केवळ पोशाखात नवेपणा आणला असे नाही. चार आवाजांचा स्वरमेळ मिशनच्या शाळांतून रूढ झालेला होता. लिंडाने खर्जातील आवाजांची संख्या वाढविली. एकाच खर्ज ओळीला अनेक गळे लावल्यामुळे गाण्याला जमिनीसारखा भक्कम पाया मिळाला आणि त्या पायावर लिंडाचा स्वतःचा आवाज अगदी वरच्या पट्टीत, जवळजवळ स्त्रीच्या आवाजाच्या उंचीवर, मोकळेपणाने फिरू लागला. खाली अनेकांची संथ, पुनःपुन्हा फिरणारी लय आणि वर एकट्याची भरारी, ही बांधणी पुढे एवढी रूढ झाली की, त्या गायनशैलीलाच त्याच्या गाण्यावरून ‘म्बूबे’ हे नाव पडले. पॉल सायमन यांच्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’मुळे जगाला परिचित झालेला ‘लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो’ हा वृंद याच परंपरेतून पुढे आला आहे.

तिसरी खेप

१९३८ च्या सुमारास लिंडा गॅलो या ध्वनिमुद्रण कंपनीत तबकड्या बांधण्याच्या विभागात कामाला लागला. एरिक गॅलो याने जोहान्सबर्गमध्ये उभारलेले ध्वनिमुद्रणगृह हे त्या काळी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत एकमेव होते. गुणी गायक हेरण्याचे काम तेथे ग्रिफिथ मोत्सिएलोआ या जाणत्या कृष्णवर्णीय कलावंताकडे होते. दुसऱ्यांच्या तबकड्या कागदात गुंडाळणाऱ्या लिंडाच्या गळ्याची कीर्ती त्याच्या कानांवर गेली आणि १९३९ साली इव्हनिंग बर्ड्‌सना त्या खोलीत पाचारण झाले.

‘म्बूबे’ हे गाणे त्या दिवशी तीनदा गायिले गेले. साथीला पियानो, गिटार आणि बँजो होते. पहिल्या दोन खेपा मनासारख्या झाल्या नाहीत. तिसऱ्या खेपेस गाणे संपत आलेले असताना लिंडाने पूर्वी न ठरविलेली एक छोटी स्वरावली उत्स्फूर्तपणे घेतली. अवघ्या काही क्षणांची ती लकेर होती. आज जगभर जी चाल गुणगुणली जाते ती हीच लकेर. मूळ गाण्यात ती शेवटाकडे एकदाच येते. अमेरिकी रूपात तीच गाण्याचा मुखडा झाली. याचा अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. ज्या स्वरांवर पुढे कोट्यवधी डॉलर मिळविले गेले, ते स्वर कोणा प्राचीन अनाम पूर्वजाचे नव्हते. ते कोठे, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या कंठातून निघाले हे सांगता येते. एवढा नेमका जन्मदाखला फार थोड्या गाण्यांजवळ असतो.

ती तबकडी दक्षिण आफ्रिकेत अफाट खपली. १९४९ पर्यंत तिच्या सुमारे १ लाख प्रती विकल्या गेल्या असा अंदाज आहे. लिंडाला मिळालेले मोल मात्र अत्यल्प होते. गाण्याचे हक्क त्याने कंपनीला १० शिलिंगांना विकले. त्याच्या जन्माआधी ज्या डोईपट्टीवरून नाताळमध्ये रक्त सांडले, तिच्या निम्मी ही रक्कम. त्या काळी कृष्णवर्णीय गायकाला अशीच एकरकमी बिदागी देण्याची प्रथा होती. हक्क म्हणजे काय, तो भविष्यात कोठे व किती फळ देईल, याची कल्पना त्याला असण्याचे कारण नव्हते आणि ती देण्याची निकड कोणाला भासली नाही. लिंडा त्याच कंपनीत झाडलोट आणि चहा पोचविण्याचे काम करीत राहिला. आपल्या लोकांत तो मानकरी होता. नोकरीत तो हरकाम्या होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्या समाजव्यवस्थेला त्यात काही विसंगत वाटत नव्हते.

म्बूबेचे विमोवे

गॅलो कंपनीने अमेरिकेतील एका कंपनीकडे पाठविलेल्या तबकड्या लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या आपला मित्र पीट सीगर याला दिल्या. सीगर हा अमेरिकेतील डाव्या विचारांचा, कामगारांच्या आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जन्मभर झगडलेला गायक. ‘म्बूबे’ ऐकून तो हरखून गेला. त्याने ते कानाने टिपून घेतले. परंतु झुलू भाषा त्याला येत नव्हती. ‘उयिंबूबे’, म्हणजे तू सिंह आहेस, हा शब्द त्याला ‘विमोवे’ असा ऐकू आला. सीगरच्या ‘वीव्हर्स’ या चमूने १९५२ साली ‘विमोवे’ वाद्यवृंदाच्या साथीने बाजारात आणले आणि ते लोकप्रिय झाले. त्याच सुमारास अमेरिकेत साम्यवाद्यांचा शोध चालला होता. वीव्हर्सवर बहिष्काराचे सावट आले आणि त्यांचे कार्यक्रम बंद पडत गेले; गाणे मात्र टिकले.

या गाण्याच्या कर्त्याच्या जागी पॉल कॅम्बेल असे नाव छापले गेले. असा कोणी इसम नव्हता. लोकगीतांवर आधारलेल्या रचनांवरील स्वामित्वधन गोळा करण्यासाठी प्रकाशकाने आणि वीव्हर्सनी घेतलेले ते टोपणनाव होते. जिवंत माणसाच्या जागी अस्तित्वातच नसलेल्या माणसाचे नाव यावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. गॅलो कंपनीनेही अमेरिकी प्रकाशकाशी तडजोड करून आफ्रिकेच्या काही भागांतील हक्क स्वतःकडे राखले आणि इतरत्रचे सोडून दिले.

सीगरच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हे परंपरागत गीत नसून त्याला कर्ता आहे असे कळल्यावर त्याने लिंडाला १ हजार डॉलर पाठविले आणि यापुढील त्याचा वाटाही लिंडाला द्यावा असे प्रकाशकाला सांगितले. ते नीटपणे घडले नाही, आणि त्याचा पाठपुरावा आपण केला नाही याची खंत त्याने पुढे व्यक्त केली. येथेच या प्रकरणातील खरी मेख आहे. शोषितांचा कैवार घेणारा, आफ्रिकेविषयी मनापासून आदर असलेला माणूससुद्धा तबकडीवर गायकाचे नाव छापलेले असताना ते गाणे लोकगीत मानून मोकळा होतो, याचे कारण लबाडी हे नाही. युरोपातून आलेले गाणे असते तर त्याने आधी संगीतकाराचे नाव विचारले असते. आफ्रिकेतून आलेले गाणे रानातल्या फुलासारखे आपोआप उमललेले असणार, हा समज एवढा खोल रुजलेला होता की, आदरालाही तो ओलांडता आला नाही. लोकगीत हा शब्द आपण प्रेमाने वापरतो. पण ज्याला धनी नाही त्याचा धनी होणे कोणालाही सोपे जाते, हा त्या शब्दाचा दुसरा उपयोग आहे.

जंगल कोठून आले?

१९६१ साली ‘टोकन्स’ या न्यूयॉर्कच्या तरुण चमूसाठी ‘विमोवे’ला नवे रूप देण्यात आले. जॉर्ज डेव्हिड वाइस याने ह्यूगो पेरेटी आणि लुइजी क्रिएटोरे या निर्मात्यांच्या जोडीने इंग्रजी शब्द बसविले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस टाकलेले हे गाणे श्रोत्यांनी पहिल्या बाजूवरचे गाणे बाजूस सारून उचलले आणि वर्षअखेरीस ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन पोचले.

नव्या शब्दांत सिंह झोपलेला आहे, गाव शांत आहे आणि कोणी भिण्याचे कारण नाही. अंगाईच म्हणावी असे हे गीत आहे आणि अंगाई म्हणून ते गोडही आहे. मूळ गाण्यात मात्र सिंह झोपलेला नव्हता आणि मुलेही झोपलेली नव्हती. शिवाय इंग्रजी गीतातील सिंह जंगलात राहतो. आफ्रिकेचा सिंह मुख्यतः गवताळ माळावर आणि विरळ झाडीत राहणारा प्राणी. घनदाट अरण्य हे त्याचे घर नव्हे. आपल्याला गंमत वाटावी अशी गोष्ट ही की, इंग्रजीतील जंगल हा शब्दच मुळी भारतीय भाषांतून गेलेला आहे. येथून उचललेला शब्द इंग्रजांनी जगातील सगळ्या अपरिचित रानांवर चिकटविला आणि न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिणाऱ्या गीतकाराने तो म्सिंगाच्या माळरानावर नेऊन लावला. दूरचा माणूस जसा सरसकट असतो, तसे दूरचे रानही सरसकट असते.

या गाण्याला एक तिसरा अर्थही चिकटला. झुलू राजा शाका हा मेलेला नसून झोपला आहे आणि एक दिवस जागा होऊन आपल्या लोकांना मुक्त करील, अशी दंतकथा या गाण्यामागे असल्याचे सीगरनेच प्रसृत केले. सिंह हे झुलू राजाचे बिरुद आहे. त्यामुळे ही कल्पना अगदीच निराधार वाटत नाही आणि वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात तिचे मोलही होते. परंतु लिंडाच्या शब्दांत शाकाही नाही आणि झोपही नाही. बाजाराने त्याच्या गाण्याला अंगाई केले, सहानुभूतीने त्याला क्रांतिगीत केले. गुरे राखणाऱ्या मुलांची आठवण दोघांनीही वाऱ्यावर सोडली. तरीही ते गाणे जगाला भिडले ते शब्दांमुळे नाही, हे खरे. शब्द बदलले, भाषा बदलली, अर्थ उलटा झाला, तरी जे अबाधित राहिले ते त्या तिसऱ्या खेपेतले मोजके स्वर होत. लोकप्रियतेचे सारे श्रेय त्यांना आहे, आणि नेमक्या त्यांच्याच कर्त्याला कोणी विचारले नाही.

कायद्याचा विसरलेला कोपरा

१९५९ साली रंगमंचावर गात असताना लिंडा कोसळला. मूत्रपिंडांच्या विकाराने त्याला ग्रासले होते. टोकन्सचे गाणे अमेरिकेत गाजल्यानंतर वर्षभराच्या आतच, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तो वारला. विधवा पत्नी आणि मुले सोवेटोत राहत होती. त्याच्या थडग्यावर शिळा बसविण्याइतकी ऐपत येण्यास त्या माउलीला अठरा वर्षे लागली. मध्यंतरी कुटुंबाकडून अमेरिकी प्रकाशकाने नव्याने कागद करून घेतले आणि अधूनमधून काही अल्प रकमाही पोचत होत्या. परंतु त्या कशाबद्दल आणि कोणत्या हिशेबाने, हे घरच्यांना उमगत नव्हते. २००० साली दक्षिण आफ्रिकेतील पत्रकार रायन मलान याने दीर्घ लेख लिहून सगळा हिशेब मांडला. या गाण्याने सुमारे दीड कोटी डॉलरचे स्वामित्वधन मिळविले असावे, असा त्याचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, लिंडाची एक मुलगी एड्‌सने दगावली.

येथे कहाणीला अनपेक्षित वळण मिळाले. ओवेन डीन या कायदेपंडिताने ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा ग्रंथस्वामित्व कायदा उकलून पाहिला. लेखकाने आपला हक्क हयातीत विकला, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी तो वारसांकडे परत जावा, अशी तरतूद त्या कायद्यात होती. कीर्तिमान लेखकांच्या वारसांना दारिद्र्यात दिवस काढावे लागू नयेत हा तिचा हेतू. म्हणून चार्ल्स डिकन्सच्या नावाने ती ओळखली जाते. लिंडा १९६२ मध्ये वारला, तेव्हा १९८७ पासून साम्राज्याच्या क्षेत्रातील हक्क त्याच्या मुलींचे ठरत होते. ज्या साम्राज्याने म्सिंगाच्या माणसाला डोईपट्टी लावली, त्याच साम्राज्याच्या विलायती लेखकांसाठी लिहिलेल्या कलमात त्याच्या वारसांचा हक्क दडून बसलेला होता. २००४ साली डिस्ने कंपनीविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत दावा लावण्यात आला आणि अधिकारक्षेत्र प्रस्थापित करण्यासाठी त्या देशात नोंदलेली कंपनीची व्यापारचिन्हे न्यायालयामार्फत अडकवून ठेवण्यात आली. मिकी माऊसवर टाच येताच जगाचे लक्ष वेधले गेले. फेब्रुवारी २००६ मध्ये हक्कधारक प्रकाशकाशी तडजोड झाली. मागील देणे आणि पुढील वाटा वारसांना देण्याचे ठरले, आणि सहसंगीतकार म्हणून लिंडाचे नाव मान्य करण्यात आले. निधीसाठी न्यासही स्थापन झाला. गाण्याने मिळविलेल्या धनाच्या मानाने हाती आलेला भाग लहान होता आणि तोही पुढे कायम राहिला नाही, हे नमूद केले पाहिजे. तथापि नाव परत मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याला हे प्रकरण परके मानता येणार नाही. तोच १९११ चा कायदा १९१४ साली हिंदुस्थानातही लागू करण्यात आला होता. स्वतंत्र भारताने १९५७ साली स्वतःचा कायदा केला. परंतु १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांवरील हक्क, विरुद्ध करार नसल्यास, निर्मात्याचे ठरविले आणि गीतकार-संगीतकारांच्या हाती फारसे काही उरले नाही. कितीतरी गुणी माणसांनी एकरकमी बिदागी घेऊन सही केली आणि त्यांची गाणी त्यांच्या पश्चात दुसऱ्यांचे घर भरीत राहिली. गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनातील वाटा सोडूनच देता येऊ नये, अशी सुधारणा होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. मुळात हा प्रश्न वर्णापुरता नाही, तो बळाचा आहे. ज्याला उद्याच्या अन्नाची चिंता आहे, त्याच्याकडून वीस वर्षांनंतरच्या उत्पन्नावर सही घेणे हा करार कायद्याने शुद्ध असला, तरी तो दोन समान माणसांमधला करार नसतो. डिकन्सच्या नावाच्या त्या तरतुदीने हे ओळखले होते. माणसाला आपल्या कलेचे मोल हयातीत कळेलच असे नाही. तेव्हा एकदा केलेली चूक पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू नये, एवढी दया कायद्यात असावी, हे तिचे तत्त्व आजही टाकाऊ झालेले नाही. लोककला म्हणून आपण जे जे विनासायास उचलतो, त्याच्या मागे कोणी नावागावाचा माणूस आहे काय, हे आधी विचारण्याची सवय मात्र कायद्याला लावता येत नाही. ती आपणच लावून घ्यावी लागते.

१९३९ ची ती तबकडी आजही ऐकावयास मिळते. ध्वनिमुद्रण जुने आहे, खरखर आहे. खर्जातले गळे एका लयीत फिरत राहतात आणि त्यांच्यावरून एक आवाज उंच जातो. शेवटाकडे ती लकेर येते. आपण ती ओळखतो, आणि क्षणभर वाटते की, हा कोणी तरी आपल्या ओळखीचे गाणे म्हणत आहे. वस्तुतः तो त्याचेच गाणे म्हणत असतो.